लोखंडात कोण कुठे बसतं

दसऱ्याच्या मागेपुढे बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात. पुढे काही दिवसांत गव्हाणीत पहिली मोळी पडते, नारळ फुटतात, भाषणं होतात आणि गळीत हंगाम सुरू होतो. त्याच क्षणी लोखंडाची झीजही सुरू होते. गाळपाचा आकडा रोज फलकावर लिहिला जातो. झिजेचा हिशेब मात्र हंगाम संपून रोलर लेथवर चढला, की मगच कळतो.

माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा. कारखाना कुठलाही असो, उसाची वाट बहुतेक सारखीच. ऊस आधी चाकूंखाली जातो, मग फायब्रायझरच्या हातोड्यांखाली. तिथे टिपरांचा भुगा होतो आणि तो मिलच्या रोलरांमध्ये शिरतो. एका मिलला तीन मुख्य रोलर, आणि अशा चार-पाच मिल एकापाठोपाठ एक. रोलर फिरतात अगदी संथ, मिनिटाला चार-पाच फेरे, पण त्यांच्यावर हायड्रॉलिकचा प्रचंड दाब असतो. रस खाली, चिपाड पुढे.

उसासारख्या मऊ वस्तूनं बिडाचा रोलर झिजावा, हे चटकन पटत नाही. उसाच्या सालीत थोडी सिलिका असते खरी, पण खरी कामगिरी उसाबरोबर येणाऱ्या मातीची. दिवसाला ५,००० टन गाळप करणारा कारखाना धरू. उसासोबत शेकडा एक जरी माती आली, तरी रोज ५० टन माती मिलमधून पिळून निघते. पाऊस लांबला, फडात चिखल राहिला किंवा तोड हार्वेस्टरनं झाली, की हे प्रमाण वाढतं. शेतकऱ्याला वजनात कपातीची चिंता असते, चीफ इंजिनिअरला रोलरच्या दातांची.

ही माती कसली, हेही पाहायला हवं. नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला आणि या दुष्काळी मुलखात उसाला जमीन मिळाली. ती जमीन दख्खनच्या काळ्या कातळापासून, म्हणजे बेसॉल्टपासून बनलेली. काळी चिकणमाती स्वतः मऊ असते, लोखंडावर तिचा ओरखडा उठत नाही. ओरखडे काढतात ते तिच्यातले बारीक खडे. बेसॉल्टमधली दोन मुख्य खनिजं म्हणजे फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन. खनिजांच्या एक ते दहा या कठीणपणाच्या मोजपट्टीवर ती साधारण सहाच्या आसपास येतात. साधं मऊ लोखंड चार ते पाच. म्हणजे लोखंड हरलंच. शिवाय या कातळाच्या पोकळ्यांत गारगोट्या सापडतात. गारगोटी त्याच पट्टीवर सातला. एखादा गारगोटीचा कण रोलरच्या दातावरून दाबाखाली सरकला, की तो धातूत नांगरासारखी तास काढत जातो. वर ताजा रस आंबट असतो, त्याचा पीएच पाच-साडेपाचच्या घरात. खड्यानं उघडा केलेला ताजा धातू रस खातो, रसानं कुरतडलेला भाग पुढचा खडा सहज उचलतो. दोघांनी मिळून केलेली झीज ही दोघांच्या वेगवेगळ्या झिजेच्या बेरजेपेक्षा जास्त भरते.

मग रोलर सर्वांत कठीण पोलादाचा का करत नाहीत? कारण रोलरला दोन कामं असतात. टिकायचं, आणि भुगा ओढून आत घ्यायचा. गुळगुळीत रोलरवर ओला भुगा घसरतो. म्हणून घडीव पोलादी शाफ्टवर बिडाचं जाड कवच गरम करून चढवतात. हे बीड मुद्दाम जाड दाण्याचं ओततात, म्हणजे झिजतानाही त्याचा पृष्ठभाग खरबरीत राहतो. इंदापूर तालुक्यातच, कळंबजवळच्या वालचंदनगरला साखर कारखान्यांची यंत्रं बनवणारा उद्योग उभा आहे. वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांनी १९३०च्या दशकात इथे साखर कारखाना काढला, पुढे त्यातून यंत्रांचा कारखाना वाढला आणि आज त्याच नावाची कंपनी इस्रोच्या अग्निबाणांच्या मोटरींची कवचंही बनवते. अग्निबाणाच्या कवचाला झिजेची भीती नाही, त्याला एकदाच जायचं असतं. रोलरला मात्र दर हंगामी परत यायचं असतं, आणि माझ्या मते धातुशास्त्राची जास्त अवघड परीक्षा तीच आहे.

एवढं करूनही दातांची टोकं घासून चकचकीत होतातच. त्यावर कारखान्यांनी काढलेला उपाय पाहण्यासारखा आहे. त्याला आर्किंग म्हणतात. मिल चालू असते, रोलर रसानं ओला असतो, आणि वेल्डर समोर उभा राहून हळूहळू वर येणाऱ्या दातांच्या कडांवर वेल्डिंगचे थेंब टाकत जातो. सलग रेघ ओढायची नाही, सुटे सुटे थेंब टाकायचे. थंड झाल्यावर प्रत्येक थेंब दातावर एक कठीण पुळी होऊन बसतो. त्यानं पकड वाढते आणि खालचं बीडही वाचतं.

हातातला रॉड नीट पाहिला तर गंमत कळते. आतली तार साध्या मऊ पोलादाची असते. श्रीमंती सगळी वरच्या करड्या लेपात. त्या लेपात भरपूर कार्बन असलेल्या फेरोक्रोमची भुकटी असते, काही रॉडांत नायोबियम किंवा इतर धातूंचीही. ठिणगीच्या उष्णतेत तार आणि लेप एकत्र वितळतात, आणि थेंब गोठताना क्रोमियम व कार्बन एकमेकांना शोधून क्रोमियम कार्बाइडचे स्फटिक बनवतात. साध्या तारेचं झीजरोधक धातूत रूपांतर झालं ते भुकटीमुळे. आता समजा, तेवढंच क्रोमियम त्या थेंबात असतं, पण कार्बन कमी असता. क्रोमियम लोखंडात विरघळून राहिलं असतं, थेंब गंजला कमी असता, पण खड्यासमोर टिकला नसता. टक्केवारी तीच, ठिकाण वेगळं. लोखंडात काय मिसळलं यापेक्षा ते कुठे जाऊन बसलं, यावर झिजेचा निकाल लागतो, आणि हे प्रकरण त्याबद्दलच आहे.

ठिकाणाचा हा हिशेब आकड्यांत मांडता येतो. हिऱ्याचं टोक ठरावीक भारानं धातूत दाबायचं आणि पडलेला खळगा मोजायचा, अशी विकर्सची पद्धत. खळगा लहान तर आकडा मोठा. शुद्ध मऊ लोखंड शंभराच्या आसपास. कार्बनवालं साधं पोलाद, ज्यात लोखंड आणि लोहकार्बाइडचे पातळ पापुद्रे एकाआड एक असतात, अडीचशे-तीनशे. तापवून झटकन थंड केलेलं, म्हणजे पाणी दिलेलं पोलाद सातशे ते नऊशे. गारगोटी अकराशेच्या आसपास. क्रोमियम कार्बाइड पंधराशेच्या वर. नायोबियम, व्हॅनेडियम, टायटॅनियम यांची कार्बाइडं दोन हजार ते तीन हजार.

यात एक उंबरठा आहे. धातूचा कठीणपणा समोरच्या खड्याच्या साधारण आठ-दशांशाच्या वर गेला, की झीज एकदम घसरते. त्याच्या खाली कठीणपणा थोडाफार वाढवून फारसं साधत नाही. आठशेचं पाणी दिलेलं पोलाद फेल्डस्पारसमोर छाती काढून उभं राहील, कारण फेल्डस्पार स्वतः सातशेच्या आसपास. गारगोटीसमोर तेच पोलाद कमी पडतं. बेसॉल्टच्या मुलखातला कारखाना आणि गंगेच्या वाळूवरचा कारखाना यांना एकच रॉड सारखा मानवेल असं नाही. पाठ्यपुस्तकात मात्र १९५३ सालचा आर्चर्डचा नियम असतो: भार आणि अंतर यांच्या पटीत झीज वाढते, कठीणपणाच्या पटीत कमी होते. नियम छान आहे, पण त्यात एक गुणांक असतो आणि झिजेचा प्रकार बदलला की तो गुणांकच कित्येक पटींनी बदलतो. खड्यानं घासणं वेगळं, धातूनं धातूला चिकटून ओरबाडणं वेगळं, वारंवार दाबानं थकून पापुद्रा सुटणं वेगळं.

मग सगळं लोखंड कार्बाइडनंच भरून टाकू, असं कुणी म्हणेल. इथे शेंगदाण्याच्या चिक्कीची आठवण ठेवावी. दाणे कितीही असोत, गूळ मऊ राहिला तर दाणे निखळतात, आणि पाक फार कडक झाला तर पाटावरून उतरवतानाच वडी तुटते. कार्बाइडचे कण धरून ठेवणारं लोखंड मऊ असेल तर खडा ते आधी कोरून काढतो, मग आधार गेलेला कण सहज उपटला जातो. ते लोखंड ठिसूळ असेल तर एका धक्क्यात कणासकट ढलपा निघतो. फायब्रायझरच्या हातोड्याचं दुखणं हेच. रोलरवर शोभणारा अतिकठीण थर हातोड्यावर दिला आणि उसाच्या मोळीत एखादा लोखंडी तुकडा आला, तर थराचे तुकडे उडतात. कणाचा आकारही पाहावा लागतो. खड्यानं काढलेली तास रुंद आणि कार्बाइड त्याहून कितीतरी बारीक असेल, तर तो खडा कार्बाइडला अडथळा म्हणून मोजतच नाही, बाजूच्या धातूसकट उचलून नेतो.

वेल्डिंगच्या थेंबात कोण कुठे बसणार, हे गोठण्यावर सोडलेलं असतं. माणसाच्या हातात फक्त रॉड आणि करंट. ते ठिकाण आपणच ठरवायचं असेल तर लोखंड वितळवायचंच नाही, ही त्यापुढची पायरी. लोखंडाची भुकटी घ्यायची, त्यात हव्या त्या भुकट्या मिसळायच्या, साच्यात दाबायचं आणि वितळबिंदूच्या खालीच भाजायचं. त्याला सिंटरिंग म्हणतात. बारामतीहून फार लांब जावं लागत नाही. अहिल्यानगरच्या औद्योगिक वसाहतीत होगानास या मूळच्या स्वीडिश कंपनीचा लोखंडी भुकटीशी संबंधित कारखाना आहे, आणि पिंपरीला सिंटर केलेले सुटे भाग बनवण्याचा उद्योग जुना आहे.

भुकटी दोन वाटांनी होते. एक, उत्तम प्रतीचं लोहखनिज कोळशाच्या भुग्यासोबत बंद भांड्यांत सुमारे १,२०० अंशांवर तापवायचं. खनिजातला ऑक्सिजन निघून जातो, लोखंड न वितळताच मागे राहतं, स्पंजासारखं भोकाभोकांचं. ते दळून भुकटी. दुसरी वाट, वितळलेल्या पोलादाच्या धारेवर पाण्याचे जोरदार फवारे मारायचे. धार फुटून तिचे वेडेवाकडे कण होतात. वेडेवाकडे असणं इथे गुण आहे, कारण गोल कण दाबल्यावर एकमेकांत अडकत नाहीत.

दाबताना चौरस सेंटिमीटरला साधारण सहा टन लागतात. दहा चौरस सेंटिमीटरच्या गिअरला साठ टनांचा प्रेस पुरे. एक मीटर व्यासाचा रोलर असा उभा दाबायचा म्हटलं तर सुमारे ४७,००० टन लागतील. म्हणून रोलर ओतीवच राहणार, आणि भुकटीचं राज्य तळहातावर मावणाऱ्या भागांवर: बुश, गिअर, शॉक अॅब्झॉर्बरचे पिस्टन, व्हाल्व्ह सीट. दाबलेला भाग खडूसारखा असतो, हातातून पडला तर तुटतो. मग तो जाळीदार पट्ट्यावरून भट्टीत जातो. सुमारे १,१२० अंश, गरम भागात वीस-तीस मिनिटं, आत हवेऐवजी नायट्रोजन-हायड्रोजनचं वातावरण. लोखंड १,५३८ला वितळतं, त्यामुळे भाग आपला आकार सोडत नाही, पण कणांच्या टोकाटोकाला अणू सरकून सांधे बनतात.

अर्ध्या तासाच्या या मुदतीत प्रत्येक मिश्रक आपापल्या स्वभावानं वागतो.

कार्बन सर्वांत चपळ. तो ग्रॅफाइटची भुकटी म्हणून शेकडा अर्ध्या ते पाऊण भागाइतका घालतात. ९१२ अंशांच्या वर लोखंडाची अंतर्गत मांडणी बदलते, कार्बनला आत शिरायला जागा होते आणि तो बघता बघता सगळीकडे सारखा पसरतो. त्याचा धोका एवढाच, की भट्टीतला वायू बिघडला तर तो पृष्ठभागातून पळूनही तितक्याच लवकर जातो. मग भाग आतून ठणठणीत आणि वरून मऊ. झीज वरूनच सुरू होते, त्यामुळे असा भाग बाहेरून धडधाकट दिसला तरी कामाचा राहत नाही.

तांब्याची गोष्ट जास्त रंगतदार आहे. ते १,०८५ अंशांना वितळतं, म्हणजे भट्टी आपल्या शेवटच्या तापमानाला पोचण्याआधीच. वितळलेलं तांबं लोखंडाच्या कणांच्या मधल्या फटींत घुसतं, त्यांना किंचित दूर ढकलतं, आणि जिथे तांब्याचा मूळ कण होता तिथे रिकामी पोकळी उरते. भाग फुगतो. भुकटीत दोन टक्के तांबं जास्त मोठ्या कणांचं आलं की मोठ्या पोकळ्या, बारीक कणांचं आलं की लहान. कार्बन सोबत असला तर फुगणं आवरतं, म्हणून दोघांची मात्रा एकमेकांकडे पाहून ठरवतात. तांब्यानं लोखंड बळकट होतं, चिकटून ओरबाडण्याच्या झिजेला थोडं रोखतं. खड्याच्या झिजेत त्याचा उपयोग बेताचाच, आणि त्या मोठ्या पोकळ्यांच्या कडांपासून ढलपे सुटायला सुरुवात होते.

निकेल तांब्याच्या उलट. या तापमानाला ते वितळत नाही आणि लोखंडात शिरतंही गोगलगायीच्या वेगानं. अर्ध्या तासात त्याचं काम अर्धवट राहतं, आणि थंड झालेल्या भागात निकेलनं भरलेले मऊ ठिपके उरतात. सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा भेसळीचा प्रकार वाटतो. पण गिअरच्या दातावर लाखो वेळा दाब येऊन जी थकव्याची भेग पडते, ती अशा मऊ, चिवट ठिपक्याशी येऊन थबकते. खड्याच्या झिजेत तोच ठिपका सर्वांत आधी खोदला जातो. गिअरसाठी केलेली भुकटी पंपाच्या झिजणाऱ्या भागाला वापरून पस्तावणं शक्य आहे, कागदावर दोन्ही मिश्रधातू ‘उच्च ताकदीचे’ असले तरी.

बारीक निकेल-तांबं नुसतं मिसळलं तर वाहतुकीत आणि हॉपरमध्ये ते जड-हलकं होऊन वेगळं पडतं. म्हणून काही भुकट्यांत हे कण लोखंडाच्या कणांवर हलक्या आचेनं आधीच चिकटवून ठेवतात. चार टक्के निकेल, दीड टक्का तांबं, अर्धा टक्का मॉलिब्डेनम अशी एक मिसळ या धंद्यात वर्षानुवर्षं चालत आली आहे. सगळे घटक आधीच वितळवून एकजीव भुकटी का करत नाहीत? कारण एकजीव कण कठीण होतो, कठीण कण दाबला जात नाही, आणि दाबला गेला नाही तर पोकळ्या जास्त राहतात. मॉलिब्डेनम याला अपवाद. ते लोखंडात विरघळूनही कणाला फारसं ताठ करत नाही, त्याचा ऑक्साइडही भट्टीत सहज फुटतो. असा समंजस घटक धातूंत विरळा.

क्रोमियम स्वस्त, झिजेला उत्तम, आणि भट्टीत हट्टी. ऑक्सिजनशी त्याची घट्ट मैत्री. भट्टीतला वायू नुसता स्वच्छ असून भागत नाही, कोरडा ठणठणीत लागतो. थोडी वाफ राहिली तरी कणाभोवती क्रोमियम ऑक्साइडची साय धरते आणि दोन कणांचा सांधा जमत नाही. असा भाग दिसतो अखंड, असतो मात्र शेजारी शेजारी ठेवलेल्या कणांचा ढीग. म्हणून क्रोमियमवाल्या भुकट्या जास्त तापमानाला, १,२५० अंशांच्या आसपास, भाजणं चांगलं. ती भट्टी महाग. निकेलचे भाव चढले की प्रत्येक कारखान्यात क्रोमियमची चर्चा होते, आणि भट्टीचं कोटेशन आलं की थंडावते.

फॉस्फरस पोलादाच्या दुनियेत बदनाम, कारण तो ठिसूळपणा आणतो. भुकटीत मात्र अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेर घातला तर सुमारे १,०५० अंशांना थोडा द्रव तयार होतो, आणि पोकळ्यांचे धारदार कोपरे गोल होतात. बोरॉनही असंच द्रव बनवून भाग घट्ट करतो, पण गोठताना कणाकणांभोवती ठिसूळ बोराइडचं जाळं सोडून जातो. कठीणपणाचा आकडा त्यानं देखणा येतो, धक्क्याचा निकाल वाईट.

आतापर्यंत पोकळी म्हणजे दोष, असं बोलत आलो. नेहमी तसं नसतं. पंख्याच्या मोटरीतल्या बुशमध्ये पाचवा-चौथा हिस्सा पोकळी मुद्दाम ठेवतात आणि तिच्यात तेल भरतात. मोटर तापली की तेल बाहेर येतं, थांबली की आत शोषलं जातं. शॉक अॅब्झॉर्बरच्या पिस्टनला पाचशे-साडेपाचशे अंशांवर वाफ देतात. पोकळ्यांच्या भिंतींवर काळा लोह-ऑक्साइड धरतो, गळती थांबते आणि पृष्ठभाग कठीणही होतो. म्हणजे रिकाम्या जागेतही कोणाला बसवायचं, हे ठरवता येतं.

हे सगळं ज्ञान एका अंगठीएवढ्या भागात एकवटलेलं पाहायचं, तर इंजिनाची व्हाल्व्ह सीट घ्यावी. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पियाजिओच्या तीनचाकी बनतात, आणि सीएनजीवर चालणाऱ्या रिक्षा आता कुठल्याही तालुक्याच्या गावी दिसतात. मिनिटाला ४,००० फेरे घेणाऱ्या चार-स्ट्रोक इंजिनात व्हाल्व्ह मिनिटाला २,००० वेळा सीटवर आपटतो. एक्झॉस्टची सीट तीनशे-चारशे अंशांना तापलेली. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसं असायचं, त्याच्या राखेचा पातळ थर या दोघांमध्ये गादीसारखा पसरायचा. देशभर २००० साली शिशाचं पेट्रोल बंद झालं, हवेसाठी ते योग्यच झालं, पण सीटचं संरक्षण गेलं. सीएनजी त्याहून कोरडा: काजळी जवळपास नाही, इंधनाचा ओलावा नाही. धातू थेट धातूवर. उसाची मळी आणि रस वापरून इथले कारखाने जे इथेनॉल काढतात, तेही स्वच्छ जळतं, आणि जास्त इथेनॉलवर चालणाऱ्या इंजिनांना टणक सीट लागतात.

अशा सीटची भुकटी म्हणजे ठिकाण ठरवण्याच्या कलेचा नमुना. पाया म्हणून तापमानातही कठीणपणा न सोडणारी, टूल-स्टीलसारखी लोखंडी भुकटी. तिच्यात विखुरलेले मोठे, कठीण कण. कोबाल्ट-मॉलिब्डेनम-सिलिकॉनचे किंवा लोखंड-मॉलिब्डेनमचे. हे कण पायाशी थोडेसे विरघळून चिकटायला हवेत, पण पूर्ण विरघळून नाहीसे होता कामा नयेत. भट्टी दहा मिनिटं जास्त चालली तर कण पायात मुरतात आणि सीटचं सगळं सोनं मातीमोल होतं. त्यात थोडं मँगनीज सल्फाइड, जे दाबाखाली पसरून कोरड्या वंगणाचं काम करतं आणि सीट मशीनवर कापतानाही हत्यार वाचवतं. शेवटी उरलेल्या पोकळ्यांत भट्टीतच वितळलेलं तांबं शोषवून घेतात. इथे तांबं बळकटीसाठी नसतं. ते व्हाल्व्हची उष्णता सिलिंडर हेडकडे वाहून नेतं, व्हाल्व्ह थंड राहतो, आणि थंड व्हाल्व्ह कमी चिकटतो. तेच तांबं जे गिअरमध्ये भाग फुगवत होतं, इथे रिकाम्या जागेत गपगुमान बसून उपयोगी पडतं.

प्रश्न उरतो तो व्हाल्व्हचा. सीटमधले कठीण कण वाढवत नेले तर सीट टिकते आणि व्हाल्व्हचा चेहरा झिजतो. प्रयोगशाळेत एकट्या सीटची झीज मोजून निष्कर्ष काढणाऱ्यांना हे उशिरा कळतं. म्हणून सीटची भुकटी कधी एकटी तपासत नाहीत. ती ज्या व्हाल्व्हसोबत बसणार त्याच व्हाल्व्हसोबत, त्याच तापमानाला, त्याच इंधनावर शेकडो तास चालवतात, आणि मग दोघांची झीज एकत्र मोजतात. कोबाल्ट महाग झाल्यावर त्याचे कण काढून लोखंड-मॉलिब्डेनमचे घातले, की ही सगळी कसोटी पहिल्यापासून घ्यावी लागते, भले कणांची टक्केवारी पूर्वीइतकीच ठेवलेली असो.